महाद्वार रोडवरची दुकानं स्क्रिप्टने मांडावीत की हाताने?

गंगावेसकर
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

गेले चार महिने जेवणं आवरली की मी एकच काम करत बसते. माझ्या बाबांच्या आठवणीतला कोल्हापूरचा, अंबाबाईच्या देवळाजवळचा महाद्वार रोड आभासी जगात उभा करतेय, साधारण १९८५ सालचा. त्या रस्त्याला लागून एका बोळात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता गुडघे साथ देत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं होत नाही. पडद्यावर का होईना, बिनखांबी गणेशापासून पापाच्या तिकटीपर्यंत त्यांना चालत नेता यावं एवढीच इच्छा आहे.

घरच्या संगणकावर ओपनसिम्युलेटर हा आभासी जग उभं करायचा प्रोग्रॅम बसवलाय. तो मोफत आहे आणि सेकंड लाइफ या आभासी जगातली एलएसएल ही स्क्रिप्टची, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमची, भाषा त्यात चालते. दुकानं, हारांचे स्टॉल, हातगाड्या, विजेचे खांब यांची त्रिमितीय मॉडेलं ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये केली. मग एक तक्ता बनवला: वस्तूचं नाव, पूर्वेकडे किती मीटर, उत्तरेकडे किती, उंची, आणि तोंड कुठल्या दिशेला. स्क्रिप्ट तक्ता वाचते आणि वस्तू मांडते. ६३ दुकानं दोन मिनिटांत उभी राहतात.

अडचण पुढे आली. बाबा बघता बघता म्हणाले, "या दोघांच्या मधे बोळ होता की. सायकल हातात धरून एक माणूस जाईल एवढा." बोळ घातला तर पुढच्या ४१ दुकानांचे आकडे बदलावे लागले. तीन दिवसांनी म्हणाले, अमुक दुकान दोन गाळ्यांचं नव्हतं, एकाच गाळ्याचं होतं. परत सगळे आकडे. रस्ता थोडा वळतो, त्यामुळे नुसत्या बेरीज-वजाबाकीनेही भागत नाही.

आता वाटतंय, स्क्रिप्ट सोडून सरळ हाताने एकेक दुकान ओढून ठेवावं. कोणी असं काम केलंय का? काय करू?

शिरोली_फिटर
सोमवार, रात्री ११:१५

ताई, मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं कापायचं मशीन चालवतो. तुमच्या त्या जगातलं मला काही कळत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडं रोजचा आहे. प्लेटवर दहा भोकं मारायची असली तर मशीनच्या मूळ शून्यापासून मापं कोण लिहीत नाही. जॉबच्या, म्हणजे त्या प्लेटच्या, कोपऱ्याला शून्य धरायचं, ते मशीनमधल्या जी ५४ या नोंदीत टाकायचं आणि सगळी मापं तिथून घ्यायची. जॉब सरकला तर जी ५४ तेवढा बदलायचा, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आणखी एक. जी ९० म्हणजे प्रत्येक माप शून्यापासून. जी ९१ म्हणजे टूल आत्ता जिथं आहे तिथून पुढं. तुमचा तक्ता सगळा जी ९० मध्ये आहे. दुकानं एकाला एक चिकटून असतील तर जी ९१ लावा की.

सरी_वरंबा
सोमवार, रात्री ११:२२

बरोबर बोलला भावा. ऊस लावताना पहिली सरी दोरी धरून काढायची, बाकीच्या तिच्यापासून साडेचार फुटावर. बांधापासून प्रत्येक सरी कोण मोजत बसतंय?

रंगपेटी
मंगळवार, सकाळी ८:०५

मी उलटं सांगणार आहे. मी बारा वर्षं चित्रीकरणाचे सेट सजवले. आपल्याच गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, सेट उभे करणारे हात इथल्या पेठांतून आले. त्या हातांची शिकवण अशी की वस्तू नजरेसाठी ठेवायची. उंबऱ्याजवळची चप्पल थोडी तिरकी असते, हाराची टोपली फळीच्या कडेला आलेली असते, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली नसते. हे तक्त्यात कसं लिहिणार? दुकान रांगेत बसवलं की लगेच कळतं, इथे माणूस राहत नाही.

६३ दुकानं म्हणजे काही फार नाहीत. रोज तीन हाताने ठेवा, तीन आठवड्यांत रस्ता पूर्ण.

गंगावेसकर
मंगळवार, दुपारी १:३०

रंगपेटी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. बाबांनाही पहिल्यांदा रस्ता दाखवला तेव्हा ते म्हणाले, "सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं दिसतंय." पण हाताने ठेवायचं म्हटलं तर भीती अशी की बाबांना रोज नवीन आठवतं. रोज तीन ठेवीन आणि रोज दहा हलवावी लागतील.

फिटर दादा, जी ९१ ची कल्पना पटली, फक्त वळण कसं सांभाळायचं ते कळत नाहीये.

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ९:५०

माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, बाबा तुम्हाला काय सांगतात ते नीट ऐका. ते कधी "पूर्वेला १३४ मीटरवर" म्हणतात का? ते म्हणतात, "हारवाल्याच्या शेजारी", "बोळाच्या तोंडाला", "देवळासमोर". मग तुमच्या तक्त्यातही तेच शब्द असू द्या. आकड्यांऐवजी नाती लिहा. एका ओळीत चारच गोष्टी: वस्तू कोणती, कोणाच्या आधाराने, कुठल्या बाजूला, मधे किती मोकळी जागा. दुकानाची रुंदी लिहायची गरजच नाही, स्क्रिप्ट ती मॉडेलच्या बाउंडिंग बॉक्सवरून, म्हणजे मॉडेल जेमतेम मावेल अशा खोक्यावरून, स्वतः काढू शकते. दोन गाळ्यांचं दुकान एका गाळ्याचं झालं की पुढची सगळी आपोआप सरकतील. बोळ हीसुद्धा एक वस्तूच समजा, फक्त न दिसणारी, सव्वा मीटर रुंदीची.

वळणाचं असं आहे. प्रत्येक दुकानाने आपल्या आधाराकडून जागा घ्यायची आणि दिशाही घ्यायची. "उजवीकडे चार मीटर" हे अंतर आधी आधाराच्या कोनातून फिरवायचं आणि मगच त्याच्या जागेत मिळवायचं. एलएसएलमध्ये अंतराच्या व्हेक्टरला (तीन दिशांच्या तीन आकड्यांना) आधाराच्या रोटेशनने (तो किती फिरलाय त्याने) गुणलं की ते फिरतं. हा क्रम चुकला तर पहिली पाच-सहा दुकानं बरोबर दिसतात आणि वळणानंतरची रस्त्याच्या मधोमध येतात.

कोनांच्या दोन गोष्टी सांभाळा. एक, एलएसएलमध्ये कोन रेडियन या वेगळ्या मापात असतात, अंश दिले तर दुकान भलतीकडेच तोंड करतं. दोन, होकायंत्र उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतं आणि गणितातला कोन पूर्वेपासून उलट दिशेने जातो. होकायंत्राचा आकडा ९० मधून वजा करायचा, मग रेडियन.

गंगावेसकर
मंगळवार, रात्री १०:२०

उलटापालटीवरून आठवलं. अगदी सुरुवातीला नकाशाच्या चित्रावरून मी बिंदू घेतले होते. चित्रात वरून खाली मोजतात आणि आभासी जगात दक्षिणेकडून उत्तरेकडे, हे लक्षातच आलं नाही. रस्ता आरशातल्यासारखा झाला. बिनखांबी गणेशापासून आम्ही चालायला लागलो आणि बाबा मधेच थांबले. "देवीचं महाद्वार डाव्या हाताला कसं? ते उजव्या हाताला पाहिजे." मला आठवडाभर जे दिसलं नाही ते त्यांना एका मिनिटात दिसलं.

पायताण
मंगळवार, रात्री १०:३१

बाबांचा नाद खुळा!

भुदरगडी
बुधवार, सकाळी ७:४५

धागा वाचून मीही काल ओपनसिम्युलेटर टाकलं. स्क्रिप्टमधून खांब मांडायला घेतले. जवळचे आले, लांबचे आलेच नाहीत. चूक झाल्याचा संदेशही नाही. काय चुकलं असेल?

रात्रपाळी
बुधवार, सकाळी ९:१०

भुदरगडी, काही चुकलेलं नाही. स्क्रिप्ट ज्या वस्तूत आहे तिच्यापासून १० मीटरच्या आतच नवीन वस्तू काढता येते. त्यापुढची जागा दिली तर ती गुपचूप नाकारली जाते. उपाय असा की वस्तू जवळच काढायची, काढताना तिला एक क्रमांक द्यायचा, आणि वस्तूच्या आतल्या छोट्या स्क्रिप्टने तो क्रमांक वाचून स्वतः आपल्या जागेवर जायचं. जाताना साधं ‘सेट पॉस’ वापरलं तर तेही एका वेळी १० मीटरच सरकतं. ‘सेट रीजन पॉस’ वापरा, ते रीजनमध्ये (आभासी जमिनीच्या त्या तुकड्यात) कुठेही नेतं आणि पोचलं की नाही तेही सांगतं. तो क्रमांक म्हणजे ३२ बिटांचा एकच पूर्णांक. त्यात जुने लोक जागा आणि कोन कोंबून बसवायचे. तुम्ही नुसता ओळ क्रमांक पाठवा.

खांब अर्धे जमिनीत जातील, तेही आत्ताच सांगतो. साध्या ठोकळ्याची जागा त्याच्या मध्यावरून धरतात. जमिनीच्या उंचीत वस्तूची निम्मी उंची मिळवा.

भुदरगडी
बुधवार, सकाळी ९:४०

गेले होते खरंच! झाले सरळ. लई धन्यवाद.

साखळी_कडी
बुधवार, संध्याकाळी ६:००

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो आहे. नात्यांनी मांडायची पद्धत मला आवडली, पण त्यात एक खड्डा आहे आणि आमच्या धंद्यात तो फार जुना आहे.

प्रत्येक दुकान आधीच्यावर टेकलं तर प्रत्येकाची चूक पुढच्याकडे जाते. एका दुकानाला दहा सेंटिमीटर चुकलात तर साठाव्या दुकानापाशी सहा मीटर चुकाल. आम्ही ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी ओढायचो तेव्हाही हेच व्हायचं. म्हणून मोजणी कधी एका टोकाकडून दुसरीकडे मोकळी सोडत नाहीत. पक्के बिंदू आधी घेतात आणि मधली चूक त्यांच्यात वाटून टाकतात.

तुमच्या रस्त्यावर न हललेले बिंदू तीन आहेत: बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार आणि पापाची तिकटी. त्यांची जागा नकाशावरून घ्या आणि तिथेच खिळा ठोका. मधली दुकानं नात्यांनी मांडा. दोन खिळ्यांमधली बेरीज कमी-जास्त भरली तर फरक त्या भागातल्या दुकानांवर रुंदीच्या प्रमाणात वाटा. फरक फार मोठा आला तर वाटू नका. एखादं दुकान विसरलं गेलंय असं समजा आणि बाबांना विचारा.

खऱ्या नकाशाचे आकडे थेट वापरू नका. यूटीएम या नकाशाच्या मापनपद्धतीत आपण ४३ व्या पट्ट्यात येतो आणि कोल्हापूरचं उत्तरेकडचं अंतर तिथे १८ लाख मीटरच्या वर भरतं. बहुतेक आभासी जगांत जागेचा दशांश आकडा ३२ बिटांत साठवतात. एवढ्या मोठ्या आकड्यावर त्याची पायरी साडेबारा सेंटिमीटरची होते, म्हणजे त्यापेक्षा बारीक सरकवताच येत नाही. महाद्वाराला शून्य धरा आणि सगळ्यांतून ते वजा करा.

शिरोली_फिटर
बुधवार, संध्याकाळी ६:२०

म्हणजे जी ५४ महाद्वाराला! काका, वाचून बरं वाटलं.

तीन_दरवाजा
बुधवार, रात्री ८:१५

मी अकरावीत आहे. आम्ही मित्रांनी माइनक्राफ्टमध्ये पन्हाळ्याचा तीन दरवाजा केलाय. तिथे ‘फिल’ हुकमाने भिंत एका दमात भरता येते, एका वेळी ३२,७६८ ठोकळ्यांची मूळ मर्यादा आहे. तुम्ही म्हणताय तशी नातीही तिथे लिहिता येतात. आकड्याआधी लाटेसारखं चिन्ह टाकलं की तो आकडा आपण उभे आहोत तिथून मोजला जातो. टोपीसारखं चिन्ह टाकलं की आपलं तोंड जिकडे आहे तिकडून. आम्ही एकच कमान लिहिली आणि वेगवेगळ्या जागी उभं राहून तोच हुकूम चालवला. लाटेच्या जागी टोपी विसरलो तर कमान बाजूच्या भिंतीत घुसायची.

मंगळवार_पेठ
बुधवार, रात्री ९:००

तांत्रिक काही कळलं नाही, पण आठवणींबद्दल बोलते. हारवाले महाद्वाराच्या दोन्ही अंगांना बसायचे असं माझी आत्या सांगते. तुमच्या बाबांनी काय सांगितलंय?

गंगावेसकर
बुधवार, रात्री ९:२५

बाबा म्हणतात फक्त एका अंगाला. दुसऱ्या अंगाला सायकली लावलेल्या असायच्या.

मंगळवार_पेठ
बुधवार, रात्री ९:४०

आत्या ठाम आहे. सणाला दोन्हीकडे, असं ती म्हणते.

पायताण
बुधवार, रात्री ९:४४

सायकलवाल्याला सायकली आठवणार आणि आत्यांना हार. दोघंही खरं सांगतायत बघा.

साखळी_कडी
बुधवार, रात्री १०:१०

गंगावेसकर, हे भांडण मोलाचं आहे, मिटवू नका. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: कोणी सांगितलं. आमच्या टाचणवहीत प्रत्येक मापापुढे मोजणाऱ्याची सही असायची. पुढे कोणी वेगळं सांगितलं तर जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी लिहायची. स्क्रिप्टला विचारायचं, आज कोणाच्या आठवणीतला रस्ता मांडू?

रात्रपाळी
बुधवार, रात्री १०:३०

इतकी वर्षं हे काम करतोय, हा रकाना कधी सुचला नव्हता. सणाचा दिवस आणि साधा दिवस असाही एक रकाना करता येईल.

रंगपेटी
गुरुवार, सकाळी ८:३०

दोन दिवस विचार करतोय. रस्ता नात्यांनी मांडावा हे मान्य. पण दुकानाच्या आतलं आणि उंबऱ्यावरचं स्क्रिप्टकडे देऊ नका. यंत्राने वाकडं ठेवलं तरी ते सगळीकडे सारखंच वाकडं दिसतं.

रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ९:१५

सारखं दिसतं ते फासे कसे टाकले त्यावर आहे. गर्दी, चपला, विखुरलेली फुलं यांच्यासाठी पॉइसन डिस्क नावाची रीत आहे. जागा यादृच्छिक घ्यायच्या, पण कुठल्याही दोघांत ठरावीक अंतरापेक्षा कमी अंतर येऊ द्यायचं नाही. रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००७ साली तिची झटपट चालणारी कृती मांडली. डोळ्याला ते फार नैसर्गिक वाटतं.

एक अडचण मात्र खरी आहे. एलएसएलच्या यादृच्छिक आकड्याला बीज (सुरुवातीचा ठरावीक आकडा) देता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी पसारा वेगळा पडतो. बाबांनी काल पाहिलेली टोपली आज दुसरीकडे, असं व्हायला नको. वस्तूच्या नावाचा एमडी-५ (त्या नावावरून दर वेळी तेच आकडे देणारा ठसा) काढा आणि त्यातले आकडे फाशांसारखे वापरा. नाव तेच, तर तिरकेपणाही तोच.

सरी_वरंबा
गुरुवार, सकाळी ९:५०

सरीत टिपरी एका अंतरावर लावली तरी फुटवे सारखे येत नाहीत. शेत दुरून सरळ दिसतं आणि आत शिरलं की एकही ऊस दुसऱ्यासारखा नसतो. रंगपेटी आणि रात्रपाळी दोघांनाही हेच म्हणायचंय असं मला वाटतं.

रंगपेटी
गुरुवार, सकाळी १०:१०

दुकानाच्या आतलं तरीही हाताने.

कपिलतीर्थ
गुरुवार, संध्याकाळी ५:१५

ताई, तुमचा रस्ता बरोबर फिरवलाय की नाही हे तपासायला आपल्याकडे एक फार सुंदर साधन आहे. किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. दोन्ही वेळा सूर्य आकाशात जवळपास एकाच जागी, विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. आपल्या अक्षांशावरून तो पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे होकायंत्रावर २५२ च्या आसपास.

आभासी जगात सूर्य तिथे आणून ठेवा. किरण महाद्वारातून सरळ आत गेला तर तुमची दिशा पक्की. बाजूच्या भिंतीवर पडला तर सगळा रस्ता तेवढा फिरवा.

साखळी_कडी
गुरुवार, संध्याकाळी ५:४०

याच्याइतका पक्का खिळा दुसरा नाही. नमस्कार.

गंगावेसकर
रविवार, रात्री ११:०५

तीन रात्री बसून तक्ता नव्याने लिहिला. महाद्वार शून्य, तीन खिळे, बाकी सगळी नाती. कोणी सांगितलं हा रकाना केला. त्यात सध्या बाबा आहेत आणि मंगळवार_पेठ यांच्या आत्या आहेत.

कपिलतीर्थ, सूर्य २५२ वर ठेवला. किरण महाद्वाराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पडला. चार अंश चुकलं होतं. नकाशाचं चित्र सुरुवातीलाच तिरकं लावलं होतं मी. शून्याचं रोटेशन बदलल्यावर सगळा रस्ता एका वेळी फिरला. किरण कमानीतून आत गेला तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी पडद्याला हात जोडले.

मग मी त्यांना बिनखांबीपासून चालवत नेलं. बोळापाशी आल्यावर म्हणाले, "बोळाच्या तोंडाला पाण्याचा नळ होता, आणि नळामुळे पुढचं दुकान हातभर मागं होतं." मी तक्त्यात एक ओळ घातली. नळ आला, दुकान मागे गेलं, पुढची सगळी आपापल्या जागी सरकली. बाबांना वाटलं मी आधीच करून ठेवलं होतं.

रंगपेटी, बाबांच्या दुकानाच्या आतलं काही स्क्रिप्टला दिलेलं नाही. हवा भरायचा पंप, पंक्चरची पाण्याची घमेली, भिंतीवरचे पाने, सगळं बाबा सांगतात तसं हाताने ठेवतेय. पान्यांचा क्रम त्यांनी दोनदा बदलायला लावला.

आता एकच अडलंय. बोळाच्या समोरच्या बाजूची चार दुकानं बाबांना आठवत नाहीत. त्यांचं तोंड कायम आपल्या कामाकडे असायचं. त्या बाजूचा त्या काळातला एखादा फोटो कोणाकडे आहे का?

मंगळवार_पेठ
रविवार, रात्री ११:३०

आत्याला सकाळी विचारते. तिचं माहेर त्याच बाजूला होतं.

पायताण
रविवार, रात्री ११:४२

मामांच्या लग्नाची वरात त्याच रस्त्याने गेली होती, १९८६ साली. अल्बम आमच्या घरी आहे. फोटोत घोड्यामागे दुकानांच्या पाट्या दिसतात. उद्या स्कॅन करून टाकतो.